छोट्या सुऱ्या, वेगवेगळी स्टील: जंगल, कडा, नदी आणि समुद्रकाठ

निघायच्या आदल्या संध्याकाळी

सामानात घेतलेल्या सगळ्या सुऱ्या फिक्स्ड ब्लेड, म्हणजे न मिटणाऱ्या, आणि पाती साधारण ७ ते ११ सेंटिमीटरमधली. मोराक्निव्हची कंपॅनियन: १२सी२७ नावाचं स्टेनलेस स्टील, २.५ मिमी जाड, स्कँडी धार, म्हणजे पात्याच्या पूर्ण जाडीपासून थेट धारेपर्यंत एकच सपाट उतार. त्यांचीच गारबर्ग: १४सी२८एन, ३.२ मिमी जाड, टँग, म्हणजे पात्याचा मुठीतला भाग, मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली. ईएसईईची इझुला: १०९५ कार्बन स्टील, सुमारे ४ मिमी, वर पावडर कोटिंग. फॉलक्निवेनची एफ१: व्हीजी१० च्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी मऊ स्टेनलेसचे थर, ४.५ मिमी जाड, फुगीर म्हणजे कॉन्व्हेक्स धार. स्वीडनच्या हवाई दलाने वैमानिकांसाठी निवडली ती हीच सुरी. याशिवाय ३ मिमी जाडीचं मॅग्नाकटचं एक पातं, ४ मिमीची डी२ ची एक सुरी आणि समुद्राचा विचार करून एलसी२००एनची एक.

स्टीलची तुलना करायची तर निघण्याआधी धारा सारख्या करून घ्याव्या लागतात. नव्या सुरीवरून स्टीलबद्दल मत बनवू नये, आणि त्याला ठोस कारण आहे. कारखान्यात धार बहुतेकदा वेगाने फिरणाऱ्या कोरड्या पट्ट्यावर काढतात. धारेचं टोक इतकं पातळ असतं की ते क्षणात तापतं. १०९५ सारख्या स्टीलला पाणी दिल्यावर साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेंपर केलेलं, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवलेलं असतं, त्यापुढे धार तापली की तेवढा भाग मऊ पडतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, कारण निळी झाक आली असली तरी शेवटच्या पॉलिशमध्ये ती निघून जाते. दोन-तीनदा दगडावर घासून तेवढं धातू काढलं की खालचं चांगलं स्टील वर येतं. ‘धार टिकत नाही’ अशी ओरड झालेली कित्येक पाती यानंतर नीट चालू लागतात.

कोन मोजायला यंत्र लागत नाही. धारेपासून पाठीपर्यंत पातं २० मिमी रुंद असेल आणि प्रत्येक बाजूला २० अंश हवे असतील, तर पाठीचा मध्य दगडापासून ६.८ मिमी वर हवा. १५ अंशांसाठी ५.२ मिमी. पातं २४ मिमी रुंद असेल तर हेच आकडे ८.२ आणि ६.२ होतात. धारेच्या उतारावर मार्करने काळं करायचं, दोन हात हलके फिरवायचे आणि शाई कुठली गेली ते पाहायचं. वरच्या कडेची गेली तर कोन कमी पडतोय, अगदी टोकाची गेली तर जास्त होतोय.

इझुला, डी२, मॅग्नाकट आणि एलसी२००एन या चौघींना बाजूला २० अंश दिले. ६०० ग्रिटचा (आकडा मोठा तितका दाणा बारीक) डायमंड प्लेट, मग १ मायक्रॉन डायमंड पेस्ट लावलेला चामड्याचा पट्टा. मोराक्निव्हच्या दोन्ही सुऱ्यांचा उतार दगडावर सपाट टेकवूनच घासायचा असतो. एफ१ साठी मऊ पाठीवर ठेवलेला बारीक पॉलिशपेपर वापरला आणि पातं नेहमी धारेच्या उलट्या दिशेने ओढलं, नाहीतर कागद कापला जातो आणि धारही गोल होते.

कॅलिपरने एक माप मात्र सगळ्यांचं घेतलं: धारेचा उतार जिथे सुरू होतो, बरोबर तिथली जाडी. ०.३ मिमीच्या आसपास असेल तर पातं कापायला सरस, ०.५ ते ०.६ असेल तर सर्व कामांना बरं, ०.८ च्या वर असेल तर ते मुख्यतः फोडण्यासाठी. स्कँडीत हे माप लागू पडत नाही, कारण उतार थेट पात्याच्या पूर्ण जाडीपासून सुरू होतो. २.५ मिमीच्या पात्यावर बाजूला ११.५ अंश ठेवले तर उताराची उंची सुमारे ६ मिमी येते, ३.२ मिमीच्या पात्यावर जवळपास ८. घासायचा पृष्ठभाग तेवढा वाढतो. जाड स्कँडीला दगडावर जास्त वेळ का लागतो, ते एवढ्यावरून कळावं.

पहिला दिवस: पाइनचं जंगल

दिवसभर चढ, दुतर्फा पाइन, पायाखाली सुया. मुक्कामाच्या जागी उभ्याने वाळलेलं एक झाड होतं. अशा झाडाचं सरपण जमिनीवर पडलेल्या फांदीपेक्षा केव्हाही कोरडं. अंगठ्याइतकी जाड, फूटभर लांब, गाठ नसलेली, सरळ रेषांची काडी निवडून प्रत्येक सुरीने तिच्या ढलप्या काढल्या. ढलपी काडीलाच लटकत राहायला हवी, पातळ हवी आणि टोकाला वळलेली हवी. वळलेली ढलपी लवकर पेटते, सरळ आणि जाड असेल तर नुसती काळवंडते.

फरक पहिल्या ओढीतच कळतो. कंपॅनियनचा उतार लाकडावर सपाट टेकतो आणि सुरी त्याच पातळीत पुढे जाते, हाताला कोन शोधावा लागत नाही. गारबर्ग तेच करते, फक्त जोर जास्त मागते. एफ१ ची फुगीर धार लाकडावर गडगडते, म्हणजे मनगट थोडं वर-खाली झालं की ढलपीची जाडी बदलते. सवय असलेला हात तिच्याने अत्यंत नाजूक ढलप्या काढतो, नवखा हात निम्म्या तोडतो. इझुलाने सगळ्यांत त्रास दिला. ७ सेंटिमीटरच्या आतल्या पात्यावर ४ मिमी जाडी, त्यात उताराचा खांदा, म्हणजे उतार सुरू होतो ती कड, उंच. धार लाकडात शिरते न शिरते तोच खांदा तिला बाहेर ढकलतो.

मुठीचंही इथेच कळतं. इझुलाचं नुसतं लोखंडी हाडूक तीन बोटांत धरून अर्धा तास लाकूड तासलं की तर्जनीच्या मुळाशी वळ उठतो. तिच्यावर स्क्रूने पट्ट्या बसवता येतात, त्या बसवाव्यात. कंपॅनियनची रबरी मूठ दिसायला साधी आहे, पण ओल्या हातातही घट्ट राहते.

रात्री बटाटे आणि गाजर चिरताना तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसली. कंपॅनियन आणि मॅग्नाकटचं पातळ पातं गाजरातून सरळ खाली उतरतं. एफ१ आणि इझुला अर्ध्यात पोचल्या की गाजर तडकून दुभंगतं, कारण तिथे धार कापत नसते, पात्याची जाडी पाचर होऊन फोडत असते. या सगळ्यात स्टीलचा काहीही संबंध नाही. १२सी२७, व्हीजी१०, मॅग्नाकट यांच्या नावांवर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी आधी कॅलिपर हातात घ्यावा. पहिल्या दिवशी कापलं ते आकाराने.

आग पेटवायला फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या देणारी धातूची कांडी. ठिणगी कांडीच्या धातूची असते, सुरीच्या नव्हे, त्यामुळे सुरी स्टेनलेस की कार्बन याने काही बिघडत नाही. पाठीची कड मात्र काटकोनी आणि तीक्ष्ण हवी. गारबर्गची पाठ त्यासाठीच तासलेली येते. कंपॅनियनची येत नाही, तिथे कानशीने ३-४ सेंटिमीटर कड काढून घ्यावी लागते. इझुलाच्या पाठीवरचं कोटिंग तेवढ्या भागात खरवडावं लागतं. ते राहू दिलं तर कांडीवर रंगाचा चिकट थर बसतो आणि ठिणग्या थांबतात. सुरी स्थिर धरून कांडी मागे ओढावी. सुरी पुढे रेटली तर हाताच्या झटक्याने रचलेल्या ढलप्या उधळतात. गारगोटीवर जुन्या पद्धतीने ठिणगी पाडायची असेल तर गोष्ट वेगळी: तिथे दगड पोलादाचे कण खरवडतो आणि तेच पेटतात, म्हणून पाणी दिलेलं कार्बन स्टीलच हवं.

दुसरा दिवस: कड्यावरचं दव आणि गोठलेलं लाकूड

वर रात्री पारा शून्याखाली गेला. सकाळी बाहेरचं लाकूड सगळं ओलं आणि गोठलेलं, कोरडं मिळवायचं तर आतून. म्हणजे बॅटनिंग: पातं लाकडाच्या डोक्यावर ठेवून पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत फोडणं.

यात नियम थोडे आहेत आणि प्रत्येकामागे कुणाचीतरी मोडलेली सुरी आहे. १० सेंटिमीटरच्या पात्याने ६-७ सेंटिमीटरपेक्षा जाड ओंडका घेऊ नये, कारण ठोकण्यासाठी टोकाकडे २-३ सेंटिमीटर बाहेर उरायला हवेत. इझुलासाठी ही मर्यादा जेमतेम ४ सेंटिमीटर. ठोकायचं दांडकं लाकडाचंच, मनगटाइतकं जाड, फूट-दीड फूट लांब. दगड किंवा हातोडा अजिबात नको. मूठ धरणारा हात फक्त पातं आडवं ठेवतो, खाली दाबत नाही. गाठ दिसली की ओंडका फिरवायचा किंवा बाजूला टाकायचा. आणि अडकलेलं पातं पिळून काढायचं नाही. धारेला खांडे पडतात ते बहुतेक या पिळण्यात. सरळ ठोक्याने ती सहसा मोडत नाही.

त्या सकाळी दोन प्रकारची इजा दिसली, आणि दोन्ही ओळखता येणं कुठल्याही चाचणीपेक्षा उपयोगी आहे. कंपॅनियनने एक लपलेली गाठ ओलांडली आणि तिथे धार दुमडली. डी२ ने तशीच गाठ ओलांडली आणि तिथे खांडा पडला. पाहायची रीत अशी: धार वर करून दिव्याखाली धरा. चांगली धार दिसतच नाही, जिथे उजेड चमकतो तिथे इजा. मग नखाच्या कडेवरून धार अगदी हलकी सरकवा, बोटाच्या मांसल भागावर कधीही नाही. एका बाजूने नख अडकतं आणि दुसऱ्या बाजूने घसरतं तर धार दुमडली आहे. दोन्हीकडून खड्डा लागतो तर तुकडा गेला आहे.

दुमडणं म्हणजे तिथे कोन फार बारीक होता किंवा स्टील मऊ होतं. स्कँडीचा एकूण २३-२४ अंशांचा कोन ढलप्यांसाठी सुंदर आहे, गोठलेल्या गाठीसाठी नाजूक. उपाय सोपा: बाजूला २० अंशांवर तीन-चार हलके हात फिरवून ०.२ मिमीची सूक्ष्म धार द्यायची. ढलप्यांच्या कामात जेमतेम फरक पडतो आणि दुमडणं बरंच थांबतं.

खांडा पडण्याचं कारण आत असतं. डी२ मध्ये सुमारे १.५ टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम. स्टील ओतून थंड होताना त्यात मोठे, ओबडधोबड क्रोमियम कार्बाइड, म्हणजे क्रोमियम आणि कार्बनचे कठीण कण, तयार होतात. धार घासून पातळ केली की हे कार्बाइड धारेच्या जाडीच्या मानाने मोठे ठरतात आणि तडा त्यांच्या कडेने पळतो. १४सी२८एन मध्ये कार्बन फक्त ०.६२ टक्का, म्हणून कार्बाइड थोडे आणि अतिशय बारीक. हेच स्टील चिवट असण्याचं कारण. मॅग्नाकट आणि सीपीएम-३व्ही ही पावडर स्टील: वितळलेला धातू फवारून त्याची पूड करतात आणि ती दाबून, तापवून एकजीव करतात, त्यामुळे कार्बाइडना मोठं व्हायला वावच राहत नाही. ३व्ही मुख्यतः चिवटपणासाठीच ओळखलं जातं. मॅग्नाकट त्याच्याइतकं चिवट नाही, पण त्या सकाळी त्याच्या धारेला काही झालं नाही. थंडीत पोलाद आणखी ठिसूळ होतं हेही खरं, म्हणून रात्रभर बाहेर राहिलेलं पातं ठोकण्याआधी थोडा वेळ जॅकेटच्या आत धरावं.

कंपॅनियनची टँग मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही. तिच्याने अधूनमधून बारीक लाकूड फोडलं तर चालतं. रोज फोडायचं असेल तर गारबर्ग घ्यावी.

तिसरा दिवस: नदी, चिखल, दोर

उतार संपून वाट नदीच्या गाळात उतरली आणि स्टीलने पहिल्यांदा तोंड उघडलं. पुरात वाहून आलेले जाड दोर कापायचे होते. वाख आणि नायलॉनचे, वाळू-गाळाने भरलेले. लाकूड धारेला फारसं झिजवत नाही. वाळू झिजवते. वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कुठल्याही पाणी दिलेल्या पोलादापेक्षा कठीण.

प्रत्येक सुरीने फळीवर दोर कापायचा, पातं पूर्ण लांबीने ओढत, आणि मधूनमधून वर्तमानपत्राचा कागद कापून पाहायचा. कागद सुळकन कापला तर धार शाबूत, अडखळला तर उतरू लागली, फाटला तर गेली. प्रयोगशाळेत हेच काम आयएसओ ८४४२-५ या मानकाने होतं: सिलिका मिसळलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर ५० न्यूटन भाराने पातं पुढे-मागे ओढतात आणि प्रत्येक फेरीत किती कापलं गेलं ते मोजतात. त्या चाचण्यांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे: तेच स्टील बारीक कोनात घासलं की जास्त काळ कापतं. कोन कमी करण्याचा फायदा कधीकधी महागड्या स्टीलच्या फायद्याइतका मोठा असतो.

दोराच्या कामात आधी कंपॅनियन आणि इझुला उतरल्या, मग गारबर्ग आणि एलसी२००एन, त्यांच्यामागून एफ१. डी२ बराच वेळ चालली, ठिसूळ कार्बाइडचा हा दुसरा चेहरा. मॅग्नाकट सर्वांत उशिरा. कारण मोजता येतं. कठीणपणा विकर्स मोजणीत सुमारे असा: लोहाचं कार्बाइड १०००, क्रोमियमचं १५०० ते १७००, व्हॅनेडियमचं २८००. मॅग्नाकटमध्ये ४ टक्के व्हॅनेडियम आणि २ टक्के नायोबियम आहे, त्यामुळे त्याचे कार्बाइड बारीक तर आहेतच, शिवाय वाळूच्या कणाला पुरून उरतात.

पण हाच गुण संध्याकाळी धार लावताना उलटा फिरतो. दगडाचा दाणा कार्बाइडपेक्षा कठीण हवा. ॲल्युमिनियम ऑक्साइड सुमारे २०००, म्हणजे मोराक्निव्हच्या पात्यांना भरपूर, व्हॅनेडियमपुढे अपुरा. अर्कान्सासचा नैसर्गिक दगड तर सिलिकाचाच, त्याहून मऊ. त्यावर मॅग्नाकट घासलं तर आजूबाजूचं पोलाद झिजतं, कार्बाइड तसेच राहतात, धार गुळगुळीत होते पण बोचत नाही. डायमंड किंवा सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) हवाच. छोटा डायमंड प्लेट वजनाला जवळजवळ काहीच नाही आणि तो १०९५ लाही चालतो, म्हणून प्रवासात तोच एक घ्यावा.

रानात धार लावायचा क्रम असा:

प्लेट मांडीवर ठेवू नका, ओंडक्यावर टेकवा. पातं आधी धुऊन पुसा, कारण त्यावर राहिलेला वाळूचा एक कण दगडावर आला की धारेवर ओरखडा. उतारावर मार्कर. दाब सुरुवातीला हाताच्या वजनाइतकाच. एका बाजूने घासत राहायचं, पलीकडच्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत बर जाणवेपर्यंत. बर म्हणजे धारेपलीकडे वळलेला धातूचा सूक्ष्म काठ. अंगठा पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असा सरकवला की तो खरखरीत लागतो. सगळीकडे बर आली नसेल तर धारेपर्यंत पोचलेलोच नाही, पुढे जाण्यात अर्थ नाही. बहुतेकांची धार इथेच फसते, टोकाजवळच्या शेवटच्या २ सेंटिमीटरमध्ये. तिथे पातं वळतं, म्हणून मूठ किंचित वर उचलावी लागते. मग दुसरी बाजू, पुन्हा बर येईपर्यंत. त्यानंतर बाजू बदलत एकेक हात, दर वेळी दाब कमी करत, शेवटचे हात पात्याच्या स्वतःच्या वजनाने. शेवटी पट्टा: पातं पाठीच्या दिशेने ओढायचं, कोन दगडावरचाच. पट्ट्यावर पातं जास्त उचललं तर धार गोल होते. ‘पट्टा मारला आणि आणखीच बोथट झाली’ याचं कारण हेच.

१२सी२७ सारख्या थोड्या मऊ स्टीलची बर हट्टी असते. ती तुटत नाही, इकडून तिकडे लोळते. अशी धार लगेच कागद कापते आणि पहिल्या लाकडाला संपते. ती बर काढायला शेवटचे दोन हात कोन ५ अंशांनी वाढवून अगदी हलके मारायचे, मग पट्टा.

कंपॅनियन या क्रमात पाच-सात मिनिटांत तयार झाली. मॅग्नाकटला त्याच प्लेटवर बराच जास्त वेळ लागला. रोज संध्याकाळी चार हात मारायची सवय असेल तर १४सी२८एन सारखं स्टील पूर्ण पुरतं, आणि आमच्या मते पायी प्रवासाला तेच जास्त सोयीचं. आठवडाभर दगड हातात न घेता दोर आणि खोके कापायचे असतील तर मॅग्नाकटचे जादा पैसे सार्थकी लागतात.

चौथा दिवस: खारं पाणी

नदी समुद्राला मिळते तिथे तळ होता. मासे साफ करायचे, शिंपले उघडायचे, ओले दोर सोडवायचे. शिंपल्यांना सुरी लावणं मुळात चूक, टोक मोडतं. त्यासाठी जाड, बोथट पात्याचं वेगळं हत्यार असतं. माशांना कंपॅनियनचं पातळ पातं सर्वांत बरं. एफ१ काट्यावरून सरकताना मांस सोडत जाते.

इझुलाच्या उघड्या धारेवर दुपारपर्यंत नारिंगी रेघ आली. कोटिंग पात्याच्या बाजू राखतं, धार राखत नाही, आणि गंज नेमका सर्वांत पातळ जागी लागतो. त्यामुळे कार्बन स्टीलची सुरी समुद्राकाठी न वापरताही बोथट होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तेलाचा हलका हात दर काही तासांनी द्यावा लागतो, अन्नाला चालणारं पातळ मिनरल ऑइल चांगलं. जवस तेल सुकून चिकट थर होतो. व्हिनेगर किंवा आंबट फळ लावून मुद्दाम आणलेली काळपट-निळी झाक गोड्या पाण्याच्या प्रदेशात उपयोगी आहे, खाऱ्या हवेत ती फार काळ पुरत नाही.

डी२ च्या कागदावरच्या १२ टक्के क्रोमियमने इथे दगा दिला: सायंकाळी बाजूंवर बारीक काळे ठिपके. पोलादाला गंजापासून वाचवतो तो पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिसूक्ष्म थर, आणि तो बनतो पोलादात विरघळलेल्या क्रोमियमपासून. डी२ चं जवळपास निम्मं क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडलेलं असतं. मॅग्नाकट याच गणितावर उभं आहे. धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांनी ते घडवलं आणि २०२१ मध्ये ते बाजारात आलं. त्यात क्रोमियम १०.७ टक्केच, डी२ पेक्षाही कमी, पण क्रोमियमचे कार्बाइड बनू नयेत असा मेळ बसवलेला, म्हणून सगळं क्रोमियम गंज रोखायला मोकळं. दिवसभर खाऱ्या पाण्यात त्याच्यावर डाग नव्हता.

एलसी२००एनवरही नव्हता. त्यात कार्बन ०.३ टक्का आणि सुमारे ०.४ टक्का नायट्रोजन, क्रोमियम १५ टक्के. कार्बनचं काम मोठ्या अंशी नायट्रोजनने घेतलं की क्रोमियम अडकत नाही. हे मूळचं बेअरिंगचं स्टील. रोज समुद्रावर असणाऱ्याने तेच घ्यावं आणि धार थोडी लवकर उतरते हे मान्य करावं. १४सी२८एन मधल्या ०.११ टक्का नायट्रोजनचाही असाच फायदा, म्हणून गारबर्ग कंपॅनियनपेक्षा स्वच्छ राहिली. कंपॅनियनवर म्यानाच्या तोंडाजवळ एक-दोन फिकट डाग आले, ते बारीक पॉलिशने निघाले.

स्टेनलेसलाही गोडं पाणी हवंच. क्लोराइड त्या सूक्ष्म थराला एखाद्या बिंदूवर भेदतं आणि खड्डा तिथून आत वाढतो, आजूबाजूचं पातं चकचकीत राहतं. मीठ वाळायच्या आत धुवा. आणि म्यानही धुवा. म्यानात उरलेलं खारं पाणी रात्रभर पात्याला चिकटून असतं. प्लास्टिकच्या म्यानाला तळाशी निचऱ्याचं भोक असतं, त्यात वाळू अडकली की म्यान आतून पॉलिशपेपर होतं आणि दर वेळी पात्यावर उभे ओरखडे उठतात. चामड्याचं म्यान समुद्रावर आणूच नये. ते ओल आणि मीठ धरून ठेवतं, शिवाय भिजून मऊ झालेल्या चामड्यातून धार बाहेर येऊ शकते.

परतीचा दिवस

गाडीत सुऱ्या म्यानात, सॅकच्या तळाशी. विमान असेल तर फक्त चेक-इन सामानात, म्यान टेपने बंद करून, आणि जिथे उतरायचं तिथले पात्याच्या लांबीचे नियम आधी वाचून.

घरी पोचल्यावर आधी मुठी उघडाव्यात, ज्यांच्या उघडतात त्या. इझुलाच्या पट्ट्यांखाली ओल होती आणि कोटिंग खरचटलं होतं तिथे गंज धरू लागला होता. स्क्रू काढून टँग कोमट पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, तेलाचा हात देऊन पट्ट्या परत लावायच्या. स्क्रू आधी हाताने चालवून घ्यायचे, नाहीतर बारीक आटे बिघडतात. गारबर्गसारख्या न उघडणाऱ्या मुठीच्या सांध्यात ब्रशने गोडं पाणी घालून सुरी नीट वाळत ठेवायची. डिशवॉशर कुठल्याच सुरीला नको. क्षार, उष्णता आणि आपटणं तिन्ही एकदम मिळतं.

डी२ वरचे ठिपके तेल आणि अगदी बारीक स्टील वुलने घासले. वरचा काळा गेला, सूक्ष्म खड्डे राहिले. ते दगडाने काढायच्या मागे लागलं तर पातं उगाच पातळ होतं, म्हणून तेल देऊन सोडलं. तिचा दुसऱ्या दिवशीचा खांडा मात्र घासून काढावा लागतो. साधारण ३०० ग्रिटच्या डायमंडवर धार आधी खांड्याच्या तळापर्यंत सरळ खाली आणायची, म्हणजे पातं जवळजवळ उभं धरून, आणि मग दोन्ही बाजूंनी नवा उतार काढायचा. एकाच बाजूने घासत बसलं तर धार पात्याच्या मध्यातून सरकते आणि सुरी कापताना तिरकी जाते. इतक्या घासकामानंतर धारेमागची जाडी वाढलेली असते, म्हणून नवीन कोन देण्याआधी १५ अंशांवर खांदा उतरवून घ्यावा.

साठवताना पातं म्यानाबाहेर, कोरड्या कपड्यात. म्यानावर कागदी टेपची एक पट्टी चिकटवून तिच्यावर स्टील, बाजूचा कोन आणि पाठीची उंची मिलिमीटरमध्ये लिहावी. पुढच्या वेळी दगड काढला की मार्करच्या आधी ती वाचायची.